विकिपीडियाच्या आधी आपलीच बातमी तपासा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

महिला दिनाच्या पुरवणीत आपण विकिपीडियाला चांगलंच फैलावर घेतलंत. इंग्रजी विकिपीडियावरच्या चरित्रलेखांत बायकांचा वाटा जेमतेम पाचवा, त्यातही चित्रकार, शिल्पकार बायका शोधून काढाव्या लागतात, लिहिणारे बहुतेक पुरुष म्हणून हे असं होतं, असा एकूण सूर. आकडा खरा आहे आणि पुरुषांविषयीची तक्रारही खरी आहे. पण खापर फोडायला आणखी एक डोकं अगदी हाताशी होतं, तेवढं नेमकं सुटलं. ते वर्तमानपत्राचं.

मी बडोद्यात शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झाले. रविवारी दुपारी रावपुऱ्यात माझ्या घरी काही मुली लॅपटॉप घेऊन येतात. बहुतेक इथल्या विद्यापीठातल्या फाइन आर्ट्सच्या, एकदोघी नोकरी करणाऱ्या, अधूनमधून एखादा मुलगाही. कलाकार बायकांवर विकिपीडियात लेख लिहायचे, असलेले सुधारायचे, हा त्यांचा उद्योग. न्यूयॉर्कमध्ये २०१४ साली काही जणींनी अशी बैठक भरवली आणि तेव्हापासून दर मार्चमध्ये जगभर ठिकठिकाणी ती भरते. सगळं बिनपैशाचं. आमच्या मुली मार्च संपला तरी येत राहिल्या. त्यात माझ्या सेव-उसळीचा वाटा किती, ते त्यांनाच विचारा. मला टंकलेखन जमत नाही. मी आपली जुनी कात्रणं आणि माहितीपत्रकं काढून देते, आणि कोण कुणाच्या वर्गात होतं ते सांगते.

विकिपीडियावर कुणीही लिहू शकतं, पण मनचं लिहू शकत नाही. प्रत्येक विधानाला भरवशाचा आधार लागतो आणि तो त्या व्यक्तीशी हितसंबंध नसलेल्या कुणीतरी लिहिलेला असावा लागतो. कलाकाराच्या स्वतःच्या संकेतस्थळावर भागत नाही, मुलाने सांगितलेली आठवण चालत नाही, प्रदर्शनाची निमंत्रणपत्रिका फार तर तारखेपुरती उपयोगाची. दोन-तीन सविस्तर संदर्भ हाती नसले की उल्लेखनीयता सिद्ध होत नाही असा शेरा बसतो आणि लेख उडतो. कॅनडाच्या डॉना स्ट्रिकलंड यांच्यावरचा मसुदा २०१८ च्या मे महिन्यात असाच, संदर्भ अपुरे म्हणून परत गेला आणि ऑक्टोबरमध्ये त्यांना भौतिकशास्त्राचं नोबेल जाहीर झालं. सगळे विकिपीडियावर तुटून पडले. तोवर वर्तमानपत्रांनी त्यांच्याविषयी काय छापलं होतं, हे विचारणारे थोडेच निघाले.

आता एका कात्रणाविषयी सांगते. सत्तरच्या दशकातलं, मराठी दैनिकातलं, त्याचं नाव घेत नाही. बडोद्यातल्या एका समूह प्रदर्शनाचा वृत्तान्त, चांगला पाऊण कॉलम. चार पुरुष चित्रकारांना प्रत्येकी एक परिच्छेद: कुणाकडे शिकले, रंग सुरीने लावतात की कुंचल्याने, चित्रकार ना. श्री. बेंद्रे यांचा ठसा कुठे दिसतो आणि कुठे पुसला गेला आहे. शेवटच्या ओळीत सौ. देशपांडे यांची निसर्गचित्रंही प्रेक्षणीय होती, एवढंच. कुठल्या देशपांडे? मराठी वस्तीच्या दांडिया बाजारात उभं राहून या आडनावाची हाक मारली असती तर निम्म्या खिडक्या उघडल्या असत्या. चित्रं जलरंगातली की तैलरंगातली? बाई शिकल्या कुठे? एका मुलीने तो कागद उजेडात नेऊन मागची बाजूही पाहिली. मागे बाजारभावाचा तक्ता होता. गव्हाच्या प्रत्येक जातीचं नाव पूर्ण दिलेलं होतं.

पुढे पूर्ण नावं येऊ लागली, फोटोही आले. मजकूर मात्र काय? घरसंसार सांभाळून कला जोपासली, पतीची साथ लाभली, सासूबाईंनी प्रोत्साहन दिलं. चित्राबद्दल अवाक्षर नाही. अशा वृत्तान्तातून ज्ञानकोशासाठी हाती लागतं ते इतकंच की बाईंना सासू होती.

त्यात आपली लग्नात नाव बदलायची रीत. तांदळाच्या ताटात अंगठीने नवं नाव लिहिलं की माहेरचं आडनावच काय, पहिलं नावही गेलं. फाइन आर्ट्सची पदविका एका नावाची, पहिलं प्रदर्शन दुसऱ्या नावाने, चित्राखाली सही कधी ही तर कधी ती. विकिपीडियात पुनर्निर्देशनाची सोय आहे, म्हणजे एका नावावर टिचकी मारली की दुसऱ्या नावाचा लेख उघडतो. पण या दोघी एकच, असं कुठेतरी छापून आलेलं असलं पाहिजे. मुलींनी एका बाईंचा माग काढत काढत त्यांची लग्नपत्रिका मिळवली. पण लग्नपत्रिका कुठे संदर्भ म्हणून चालते! तो लेख अजून धूळपाटीवरच, म्हणजे कच्च्या पानावरच, पडून आहे.

आणि हे करता येतच नाही असंही नाही. या शहराचं नाव लावणाऱ्या गायिका हिराबाई बडोदेकर मूळच्या चंपाकली, त्यांच्या धाकट्या बहीण सरस्वती राणे मूळच्या सकीना. वडील अब्दुल करीम खाँसाहेबांपासून वेगळं झाल्यावर आई ताराबाई मान्यांनी मुलांची नावं बदलली. हे आज कुणालाही सापडतं, कारण गाण्यावर लिहिणाऱ्यांनी ते वेळीच लिहून ठेवलं. चित्रकार बायकांना असे लिहिणारे मराठीत फारसे भेटले नाहीत.

ज्यांचं जगात नाव झालं त्यांची अडचण नाही. चित्रकार नसरीन मोहम्मदी १९७२ पासून इथे फाइन आर्ट्समध्ये शिकवत होत्या, १९९० साली गेल्या. २०१६ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने त्यांचं मोठं प्रदर्शन भरवलं आणि लेखांचा पाऊस पडला. मृणालिनी मुखर्जी इथल्याच विद्यार्थिनी, के. जी. सुब्रमण्यन यांच्या शिष्या. दोरखंडाला गाठी मारमारून त्यांनी माणसाहून उंच शिल्पं उभी केली. त्यांचंही तिथे २०१९ मध्ये प्रदर्शन झालं. नीलिमा शेख यांनी बडोद्यातल्याच एका ओळखीच्या मुलीच्या हुंडाबळीवर १९८४ च्या सुमारास लहान आकाराची चित्रमालिका केली, ‘चंपा मोठी झाली तेव्हा’ अशा नावाची. या तिघींवर इंग्रजीत वाटेल तेवढं मिळतं. मराठी लेख लिहायला बसलं की खालची संदर्भांची यादी सगळी इंग्रजी. नसरीनबाईंच्या कुटुंबाचं घर अलिबागजवळ किहीमला होतं हो, तुमच्या मुंबईच्या वार्ताहराला लाँचने जाता आलं असतं.

आणि प्रसिद्धीची दुसरी बाजू अशी की मृणालिनीबाईंचं नाव सगळ्यांना ठाऊक, वडील चित्रकार बिनोदबिहारी तर थोरच, पण आई लीला मुखर्जी स्वतः शिल्पकार होत्या, हे किती जणांना माहीत आहे? आमच्याकडे तर आणखी एक गंमत. ज्योती भट्ट हे पुरुष, ज्योत्स्ना भट्ट त्यांच्या पत्नी. बाहेरचे लोक दोघींना बहिणी समजतात. ज्योत्स्नाबेन (१९४०–२०२०) सिरॅमिक्स विभागात शिकवून २००२ मध्ये निवृत्त झाल्या. त्यांची मातीची मांजरं ज्यांनी जवळून पाहिली आहेत त्यांना ती कुणाच्या पत्नीने केली हे सांगावं लागत नाही. वृत्तान्तात मात्र तेच आधी येतं.

बडोदा ग्रुप ऑफ आर्टिस्ट्स १९५६ च्या सुमारास स्थापन झाला. बेंद्रे, शांती दवे, ज्योती भट्ट यांच्याबरोबर त्या यादीत प्रभा डोंगरे आणि कुमुद पटेल ही नावंही येतात. पुरुषांच्या नावांवर मजकूर शोधताना मुलींचा वेळ सापडलेलं वाचण्यात जातो, बायकांच्या नावांवर शोधण्यात.

स्वयंसेवकांची सगळीच बाजू घेत नाही. लेखांची संख्या वाढवायची म्हणून भाषांतरयंत्रातून चार ओळींचे लेख काढून टाकणारेही आहेत, ते मराठी वाचवत नाही. शिवाय घरचे लोक मातोश्रींवर स्वतःच लेख लिहितात. सरस्वतीची वरदकन्या, कलेची अखंड उपासिका वगैरे. दोन दिवसांत तो पुसला जातो आणि मग विकिपीडियावाले बायकांच्या विरोधात आहेत असा गवगवा होतो. घरच्यांनी लेख लिहू नये, घरात आहे ते कपाटातून बाहेर काढावं: प्रदर्शनाचं माहितीपत्रक, मासिकातलं परीक्षण, दिवाळी अंकातली मुलाखत. गुजराती असलं तरी चालतं, संदर्भ कुठल्याही भाषेतला घेतात. चित्रांचे फोटो मात्र परस्पर चढवू नका. आपल्याकडे कलाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं प्रताधिकार राहतो. नसरीनबाईंची रेखाटनं २०५१ साल उजाडेपर्यंत तरी मोकळी होत नाहीत.

आमच्या या शहराला ज्ञानकोशाचं वावडं कधीच नव्हतं. व्यायाम ज्ञानकोशाचे मराठीत दहा खंड निघाले ते बडोद्यातच, १९३६ ते १९४९ या काळात. मल्लखांब, जोर, बैठका, काठी, सगळं चित्रांसकट. ज्या शहरात जोर कसे काढावेत याची इतकी बारकाईने नोंद झाली तिथे एका चित्रकार बाईचं जन्मसाल मिळू नये, याचं मला नवल वाटतं आणि रागही येतो.

तेव्हा आपल्याला मागणं असं. प्रदर्शनाची बातमी देताना बाईचं पूर्ण नाव द्या, माहेरच्या नावाने ती आधी काम करत असेल तर तेही द्या, कुठे आणि कुणाकडे शिकली ते लिहा, आणि चित्रांकडे पाहून चार वाक्यं लिहा. वाईट असतील तर वाईट म्हणा. वाईट म्हणणारं परीक्षणही संदर्भ म्हणून चालतं, कौतुकाची नुसती शाल चालत नाही. मृत्युवृत्तात ‘यांच्या पत्नी’ने सुरुवात करू नका. तेवढी जागा त्यांनी काय केलं याला द्या. यात पानभर जागा लागत नाही, वार्ताहराने दोन प्रश्न जास्त विचारायचे असतात.

दुसरी गोष्ट जुन्या अंकांची. आपल्याकडे त्यांच्या बांधलेल्या फायली नक्की असतील. ई-पेपर गेल्या काही वर्षांचाच दिसतो, त्याआधीचं आम्हा बाहेरगावच्यांना बंदच. सगळं संगणकावर आणा असं म्हणत नाही, त्याचा खर्च मला कळतो. विकिपीडियाला कात्रणाची प्रतही लागत नाही, अंकाची तारीख, पान क्रमांक आणि लेखकाचं नाव मिळालं तरी संदर्भ देता येतो. १९५६ ते १९९० या काळातली कलापरीक्षणांची पानं पाहू देण्याची परवानगी आपण दिलीत तर उन्हाळ्याच्या सुट्टीत दोन मुली मुंबईला यायला तयार आहेत. राहण्याची सोय एकीच्या मावशीकडे ठाण्याला आहे. कचेरीच्या वेळेत येतील, फायली जागच्या जागी ठेवतील. कुणाला भेटायचं आणि अर्ज कुणाच्या नावे करायचा, एवढं कळवावं.

आपली,
एक जुनी वाचक
रावपुरा, बडोदे