चंद्राचे घड्याळ कोणी लावायचे?

चंद्रासाठी स्वतंत्र प्रमाणवेळ ठरवण्याच्या हालचालींवरील आपल्या अंकातील लेख वाचला. हे काम अमेरिकेच्या ‘नासा’कडे सोपवले गेले, यात काही गैर नाही, हा त्यातील सूर मात्र पटला नाही.

चंद्रावर गुरुत्वाकर्षण कमी असल्याने तिथले घड्याळ पृथ्वीवरच्या घड्याळापेक्षा दिवसाला सुमारे ५६ मायक्रोसेकंद पुढे जाते. आकडा क्षुल्लक वाटतो. पण तेवढ्या अवधीत प्रकाश जवळपास १७ किलोमीटर अंतर कापतो. उपग्रहांच्या संकेतांवरून जागा ठरवायची, तर एका दिवसातच एवढी चूक होऊ शकते. दोन देशांची याने एकाच विवराकडे निघाली आणि दोघांच्या वेळा वेगळ्या असल्या, तर काय होईल?

२०२४च्या एप्रिलमध्ये ‘व्हाइट हाउस’ने ‘नासा’ला यासाठी २०२६ अखेरची मुदत दिली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने ही वेळ आंतरराष्ट्रीय सहमतीने ठरावी, असा ठराव केला. हाच मार्ग योग्य. चांद्रमोहिमांतील सहकार्यासाठी अमेरिकेच्या पुढाकाराने झालेल्या ‘आर्टेमिस’ करारात चीन आणि रशिया नाहीत. ते स्वतःचे चांद्रतळ उभारू पाहत आहेत. त्यांना वगळून ठरलेली वेळ ते का मानतील? (सरकारने भारतीय प्रमाणवेळ स्वीकारल्यावरही आपल्या मुंबईने ३९ मिनिटे मागे असलेला ‘बॉम्बे टाइम’ कित्येक वर्षे सोडला नव्हता!)

भारताने जून २०२३मध्ये या करारावर सही केली आणि दोनच महिन्यांत ‘चांद्रयान-३’ दक्षिण ध्रुवाजवळ उतरवले. त्यामुळे सर्वांना एका मेजावर बसवण्याचा आग्रह आपणच धरायला हवा.

– एक वाचक, ठाणे