भेकरांसाठी करवंदीची जाळी राखा

महोदय,

पाऊस तोंडावर आला की कोकणात कलमांची गडबड सुरू होते. रत्नागिरी, सिंधुदुर्गातले बहुतेक जंगल खासगी मालकीचे. त्यामुळे भेकर (भुंकणारे हरीण) आणि पिसोरी (मूषक हरीण) टिकणार की नाही, हे आपल्याच सातबाऱ्यावर ठरते. पण डोंगर बोडका करून काजू, नाहीतर आकेशियाची परदेशी झाडे लावायची चाल पडली आहे. आकेशियाखाली भेकराने खायचे काय?

त्याला गळून पडलेली फळे लागतात. हिवाळ्यात आवळा, मे-जूनमध्ये जांभूळ, आणि उंबर तर वर्षातून अनेकदा फळतो. उंबर पऱ्याकाठी (ओढ्याकाठी) लावावा, पाणीही जवळ मिळते. पिसोरी सशाएवढी, लाजरी. तिला फळांइतकीच दाट जाळी हवी. करवंद, तोरण, कारवी या झुडपांवर कोयता चालवू नये, एवढे केले तरी अर्धे काम झाले. (करवंदे आपल्यालाही मिळतात, हे वेगळे सांगायला नको.) भेकर कोवळी कलमे कुरतडते, हे खरे. कलमांना पहिली काही वर्षे कुंपण घालावे.

सरकारी रोपवाटिकांनी काजू-आंब्यासोबत करवंद, तोरण आणि उंबराची रोपेही यंदा ठेवावीत.

– एक बागायतदार, राजापूर