मिस्त्री, तुम्ही चार्जर बंद केलात

मिस्त्री, सप्रेम नमस्कार.

समोर आभार मानायला लागलं की तुम्ही लगेच गिऱ्हाइकाच्या डायनामोकडे वळता. म्हणून चार लोकांसमोर लिहितोय. वाचून दाखवायचं काम तुमच्या गॅरेजातल्या छोट्याचं.

हॅम रेडिओचा, म्हणजे लायसन्स काढून हौसेने चालवायच्या वायरलेसचा, सेट बसवायला माझी पिकअप तुमच्याकडे आली ती दोन-तीन ठिकाणचे शहाणपणाचे बोल ऐकून. शहरातल्या काचेच्या दाराच्या एका ॲक्सेसरीजवाल्याने सेट पाहून आधी हसून घेतलं, "पोलिसात आहात का?" मग सिगारेट लायटरच्या सॉकेटमागून पॉवर काढली, अँटेना मागच्या कॅरियरच्या पाइपाला रंगावरूनच आवळली आणि बिल हातात ठेवलं. पन्नास वॅटचा सेट बोलताना दहाएक अँपिअर ओढतो. त्या दोऱ्यासारख्या वायरीने काय होणार? बोलायचं बटण दाबलं की डिस्प्ले डोळे मिटायचा, मीटरवर एसडब्ल्यूआर तीनच्या वर, म्हणजे सेटची पाव हिश्शाहून जास्त ताकद अँटेनाकडून उलटी परत. त्यात इंजिन चालू असलं की स्पीकरमध्ये शीळ, आणि रेस दिली की शीळही वर चढणार. तक्रार घेऊन गेलो तर म्हणाला, "डिझेल गाडी आहे, आवाज येणारच." दुसऱ्याने हातच लावला नाही. तिसऱ्याने विचारलं, मोबाइल असताना हे कशाला?

तिसऱ्याला उत्तर द्यायचं मी टाळलं. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं तेव्हा वीज गेली आणि मोबाइलही मुके झाले, हे ज्याला आठवत नाही त्याला काय समजावणार?

तुम्ही मात्र काहीच विचारलं नाहीत. बॅटरीवरून लाल आणि काळी अशा दोन्ही जाड वायरी थेट आत घेतल्यात, फ्यूज बॅटरीच्या तोंडाशीच टाकलात. छताला भोक पाडताना माझ्या पोटात गोळा आला होता, कोकणातला पाऊस भोक शोधतच येतो. पण पेट्यांवर ताडपत्री ओढली की दोरी कुठून जाते हे आधी मला बांधून दाखवायला लावलंत आणि मगच जागा ठरवलीत. हे कुठल्या मॅन्युअलमध्ये नसतं. हातभर काडी, पण मधोमध, चहूबाजूंनी छताचा पत्रा. आमच्या दोन मीटर लांबीच्या लहरींच्या बँडवर, लहरीच्या पाव लांबीच्या अँटेनाला पायाखाली असा पत्राच लागतो. एसडब्ल्यूआर दीडच्या खाली आला.

शीळ मात्र राहिली होती, कमी झालेली, पण होती.

त्यानंतर तुम्ही जे केलंत त्यासाठी खरं तर हे पत्र. तुम्ही उठलात आणि बॅटऱ्यांचा चार्जर बंद केलात. त्यावर दोन गिऱ्हाइकांच्या बॅटऱ्या लावलेल्या होत्या. छोट्याला गाणी बंद करायला सांगितलंत. शेजारच्या वेल्डिंगवाल्याला हाक मारून म्हणालात, "पाच मिनिटं थांब रे, यांचा आवाज ऐकायचाय." तोही काच वर करून थांबला. मला म्हणालात, रेस द्या, हळूहळू. आणि डोळे मिटून स्पीकरला कान लावून बसलात.

एका अनोळखी माणसाच्या छंदासाठी धंद्याच्या वेळेत अख्खं गॅरेज गप्प झालं. माझ्या घरीसुद्धा या रेडिओसाठी कुणी टीव्हीचा आवाज कमी केलेला नाही, मिस्त्री.

पुढचं तुम्हाला किरकोळ वाटलं असेल. इंजिनकडून चासीवर येणारी अर्थिंगची पट्टी गंजलेली निघाली, तुम्ही पॉलिश पेपरने पत्रा चकचकीत होईपर्यंत घासलात, वर ग्रीस लावलंत. शीळ गेली. ऐकल्यावर सापडली, एवढंच. बाकीच्यांना ऐकायचंच नव्हतं. हल्ली हुशार माणसं पुष्कळ भेटतात, पण समोरच्याची अडचण खरी असेल असं धरून चालणारा विरळा. तो डॉक्टर असो की एसटीचा कंडक्टर, असा माणूस भेटला की दिवस बरा जातो. पगारावर किंवा पाटीवर ते अवलंबून नसतं, हे मात्र पक्कं.

काम संपल्यावर तुम्ही पहिल्यांदा विचारलंत, "त्या पुरात हे असतं तर?" मी सांगितलं तेच पुन्हा लिहितो. एका गाडीतल्या सेटने पाणी थांबत नाही. आणि घाटाचा डोंगर मध्ये आला की आमच्या लहरीही तिथेच अडतात. पण गाडी उंचावर नेली तर टॉवर बंद असला तरी पलीकडचा कुणी लायसन्सवाला ऐकू शकतो. गाडीत बसवायचा अट्टहास त्यासाठीच. मागच्या आठवड्यात कुंभार्ली घाटाच्या माथ्यावर थांबून हाक दिली. कराडच्या बाजूने उत्तर आलं, आवाज काचेसारखा स्वच्छ. त्यांनी विचारलं, इन्स्टॉलेशन कुणाचं? तुमचं नाव सांगितलं.

आता छोट्याचं. त्याने मला हळूच विचारलं होतं की याचं लायसन्स कसं मिळतं. वय बारा पूर्ण असलं की परीक्षेला बसता येतं आणि लायसन्सच्या रिस्ट्रिक्टेड ग्रेडला मोर्स, म्हणजे तारेची ती कट्ट-कड लिपी, लागत नाही. थोडं इलेक्ट्रॉनिक्स, थोडे नियम. अर्थिंग म्हणजे काय हे तर त्याला परीक्षकापेक्षा बरं माहीत आहे. पुस्तक माझ्याकडे आहे, पेट्या उतरवून येताना आणतो. रविवारी दुपारी तासभर त्याला मोकळा सोडा. आणि मजुरीचा आकडा या वेळी नीट सांगा, "बघू नंतर" चालणार नाही.

तुमचा,
पिकअपवाला