थायलंड म्हणजे नुसतं पटाया नाही हो

संपादक साहेब, सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारी तुमच्या पुरवणीत थायलंडवर पानभर मजकूर आला, त्यात पटाया, फुकेत, मसाज, शॉपिंग सगळं होतं आणि देवळांना मोजून दीड ओळ. म्हणून हे लिहितोय. यंदा मी आणि मिसेस नानला जाऊन आलो. नान हे गावाचं नाव आहे, रोटीशी काही संबंध नाही. उत्तर थायलंडमधलं, लाओसच्या बॉर्डरजवळचं छोटं शहर, तिथं रेल्वेसुद्धा जात नाही. पुण्यातल्या एका टूरवाल्याला विचारलं तर तो म्हणाला, काका तिथं काहीच नाहीये, त्यापेक्षा कोरल आयलंड करा. मग मुलानं मोबाईलवर बुकिंग करून दिलं आणि बँकॉकच्या मो चित स्टँडवरून रात्रीची बस पकडली, दहाएक तास लागले, एसी इतका की मिसेसनं बॅगेतली शाल काढली ती नान येईपर्यंत सोडली नाही.

वाट फुमिन (वाट म्हणजे थाई भाषेत देऊळ) हे तिथलं मुख्य देऊळ, १५९६ सालचं. बाहेरून बघाल तर दोन मोठे नाग अख्खं देऊळ पाठीवर घेऊन निघालेत असं वाटतं, एका दाराशी फणे आणि पलीकडच्या दाराशी शेपट्या. आत चार बुद्ध पाठीला पाठ लावून बसलेत, चार दारांकडे तोंड करून, म्हणजे कुठूनही आत या, समोर बुद्धच. पण खरी मजा भिंतींवर. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटाकडची चित्रं, विषय जातककथांचा, म्हणजे बुद्धाच्या आधीच्या जन्मांचा, पण माणसं सगळी नानचीच. मागावर बसलेली बाई, चिरूट ओढणारे लोक, आगबोटीतून आलेले गोरेसुद्धा आहेत. एका ठिकाणी अंगभर गोंदलेला एक बुवा बाईच्या खांद्यावर हात ठेवून कानात काहीतरी सांगतोय, ते चित्र गावात टीशर्टवर, कपावर, पिशवीवर, जिथं बघाल तिथं आहे. मिसेस त्याच्यासमोर बराच वेळ उभी होती, शेवटी म्हणाली, हा नक्की उसने पैसे मागतोय.

दुसऱ्या भिंतीवर मिथिलेच्या नेमी राजाची गोष्ट, इंद्राचा सारथी मातली त्याला रथात बसवून नरक आणि स्वर्ग दाखवून आणतो ती. मातली आपल्याला माहितीये, मिथिला माहितीये, ही गोष्ट मात्र मी साठी उलटल्यावर थायलंडमध्ये पहिल्यांदा ऐकली!

समोरच जुन्या राजवाड्यात म्युझियम आहे. १९३१ पर्यंत नानला स्वतःचा राजा होता, शेवटी शेवटी नावापुरता. तिथं अठरा किलोच्या आसपासचा काळसर हस्तिदंत ठेवलाय आणि तो खांद्यावर घेऊन उभा कोण, तर लाकडी गरुड. नदीपलीकडे टेकाडावर वाट फ्रा थाट चे हेंगचा ५५ मीटरचा सोनेरी स्तूप आहे. तिथं बारा वर्षांच्या चक्रात प्रत्येक वर्षाला एक प्राणी असतो, आणि हा स्तूप सशाच्या वर्षात जन्मलेल्यांचा. मी जून १९६३ चा, म्हणजे ससाच निघालो, तिथल्या फुलंवाल्या बाईला मोबाईलवर साल दाखवलं तर तिनं हसून हात जोडले आणि एक फूल जास्तीचं दिलं. मिसेस घोड्याच्या वर्षातली, तिला काही मिळालं नाही, ते मला अजून ऐकावं लागतंय. जेवणाचं म्हणाल तर नुसतं व्हेज म्हणून भागत नाही, "जे" म्हणायचं, मग अंडं, फिश सॉससुद्धा घालत नाहीत.

आता जे सांगायचंय ते. वाट फुमिनमध्ये एक रिटायर्ड शिक्षिका भेटल्या, ट्रान्सलेटरवर बोलणं चाललं होतं, त्यांनी विचारलं तुमच्या गावाजवळ बुद्धाची जुनी जागा आहे का. मी छाती काढून म्हणलं कार्ला! फोटो दाखवा म्हणाल्या. फोन उघडला तर एकवीरेच्या ट्रिपचे चाळीस फोटो, सगळे रांगेतले, नारळासकट, आणि लेण्याचा म्हणून एक खांब, तोही मेव्हण्याच्या डोक्यामागे अर्धा. दहा वेळा तरी गेलो असेन तिथं, पण देवीच्या देवळाशेजारचं चैत्यगृह (लेण्यातलं प्रार्थनेचं दालन) म्हणजे दर्शन झाल्यावर दोन मिनिटं सावलीत टेकायची जागा.

परत आल्यावर पहिल्याच गुरुवारी, गर्दी नको म्हणून, मुद्दाम तेवढ्यासाठी गेलो. वर छताला दोन हजार वर्षांपूर्वीच्या लाकडी कमानी अजून आहेत, मान दुखेपर्यंत बघितल्या. व्हरांड्यातल्या ब्राह्मी लेखात वैजयंतीचा भूतपाल शेठ सांगतो, की हे आपण पूर्ण केलेलं शैलगृह जंबुद्वीपात उत्तम आहे. वैजयंती म्हणजे कर्नाटकातलं बनवासी, पण कॉन्फिडन्स बघून मिसेस म्हणाली, हा सदाशिव पेठेतला असणार. आम्ही तासभर होतो, तेवढ्यात चारपाच फॅमिली आल्या, सेल्फी काढून गेल्या, म्हणजे मी जे करायचो तेच.

तर पुढच्या पुरवणीत पटाया थोडं कमी करून नानला निदान अर्धं पान द्या. आणि त्याच पानावर कार्ल्याच्या त्या लेखाचा फोटो मराठी अर्थासकट छापा, कात्रण कापून मी त्या टूरवाल्याला नेऊन देणार आहे.

आपला,
एक जुना वाचक, कोथरूड, पुणे