मंत्रिमहोदय, पेटी नको, जोडतासिका द्या

मा. शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

स. न. वि. वि.

मी कोरेगाव तालुक्यातल्या (जि. सातारा) एका शाळेत सहावी ते आठवीला गणित शिकवते. आमच्या कपाटात भूमितीच्या साहित्याची एक पेटी आहे. डेडस्टॉक रजिस्टरला, म्हणजे शाळेच्या टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत, तिची नोंद आहे आणि तुकडा हरवला तर भरून कोण देणार, म्हणून तिला कुलूपही आहे. अशी दुसरी पेटी पाठवू नका, हे सांगायला हे पत्र.

गेल्या वर्षी सातवीला सांगितलं, कंपासपेटी घ्या आणि स्वतःचा पटावरचा खेळ तयार करा. साहित्य म्हणजे कंदी पेढ्यांचे रिकामे खोके, जुन्या लग्नपत्रिका, चिंचोके. अट एवढीच की पट मापात हवा आणि नियम लिहून काढलेले हवेत.

एका मुलीला पंचकोनी घरं हवी होती. चौकोनी काय, सगळेच करतात! तिने पत्रिकांचे सारखे पंचकोन कापले, एका बिंदूभोवती तीन मांडले आणि फट राहिली. "बाई, कापायला चुकलं." पुन्हा कापले. फट तेवढीच. दोन तासिका कात्रीला बोल लावून झाल्यावर तिने कोनमापक काढला. एकेक कोन १०८ अंशांचा, तिन्ही मिळून ३२४, उरले ३६. त्यात चौथा बसणार कसा? मी तोवर गप्प होते, आणि गप्प राहणं मला फार जड गेलं. तोड तिला घरच्या अंगणात सापडली. आईच्या रांगोळीत वरच्या दोन ठिपक्यांच्या मधोमध खालचा ठिपका येतो. तसे ठिपके मांडून जोडले की षटकोन पडतात, शेजारी शेजारी, फटीविना. १२० त्रिक ३६० हे तिनेच येऊन मला सांगितलं.

दुसऱ्या गटाच्या फिरत्या चकतीवर 'डाव हुकला' हा भाग भलताच मोठा होता. हरणाऱ्यांनी भांडून तो मोजायला लावला, १५० अंश भरला!

सगळंच जमलं असं नाही. दोन गटांनी सापशिडीच रंगवून आणली. लंबदुभाजक तर मला शेवटी फळ्यावरच शिकवावा लागला.

खेळातून शिक्षण हे २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात आहेच. आमच्यापर्यंत ते पोचतं ते लिंक भरा, फोटो टाका या रूपात. सातवीच्या गणिताचा पहिला धडा भौमितिक रचना. तो आम्ही जूनमध्ये घेतो, तेव्हा निम्म्या मुलांकडे कंपासपेटी आलेली नसते.

मागणं थोडं आहे. आठवड्यातून एकदा गणिताला सलग दोन तासिका मिळाव्यात, कारण पस्तीस-चाळीस मिनिटांत पट मांडूनही होत नाही. आकारिक म्हणजे वर्षभर चालणाऱ्या मूल्यमापनात 'प्रकल्प' आहेच, त्यात मुलांनी घडवलेला, नियम लिहिलेला खेळ धरावा, असं परिपत्रकात स्पष्ट लिहा. आणि केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेत आम्हाला स्लाइड दाखवण्याऐवजी एक खेळ करायला बसवा. आमचेही पंचकोन चुकू देत. फोटोची लिंक मात्र यातून वगळा.

तो षटकोनी पट वर्गात खिडकीखाली असतो. चौथ्या नियमावरून अजून वाद चालू आहे. डेडस्टॉकला मी त्याची नोंद केलेली नाही.

आपली,
एक गणित शिक्षिका