मामा, बसू दिलं नाहीत त्याबद्दल

आदरणीय मामा,
सप्रेम नमस्कार.

रेसमधून निघालेल्या हडकुळ्या घोड्याला पुन्हा हलक्या कामाला कसं लावायचं, हे तुम्ही आम्हाला तबेल्यात उभं राहून दाखवलंत. आभार सगळ्यांसमोर मानतोय याला कारण आहे. महालक्ष्मी आणि पुण्याच्या रेसकोर्सवरचे घोडे निवृत्त होऊन कुणाकुणाच्या दारी येतात, आणि "खोगीर बसत नाही? मग उघड्या पाठीवर बसा" हा सल्ला त्यांच्यासोबत येतोच.

आधी टेपने वजनाचा अंदाज. छातीचा घेर गुणिले घेर, गुणिले खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंतची लांबी, भागिले ११,८८०, मापं सेंटिमीटरमध्ये. घेर १७२ आणि लांबी १५८ असेल तर वजन येतं साधारण ३९३ किलो. पण टेपला पोट सुटलंय की पाठ भरलीय हे कळत नाही, म्हणून हातानेही तपासायला शिकवलंत: मान, मानेच्या बुडाचा उंचवटा, खांद्यामागचा भाग, फासळ्या, कंबर, शेपटीचं बूड. घोड्याच्या अंगावरचं मांस-चरबी जोखणाऱ्या १९८३ च्या हेनेके मोजपट्टीतही हीच सहा ठिकाणं आहेत, १ ते ९ गुणांची.

दात, जंत आणि जठरातले व्रण डॉक्टरांनी पाहिल्याशिवाय जईचं (ओटचं) पोतं उघडायचं नाही, हा तुमचा दंडक. रेसच्या घोड्यांत व्रण फार. त्यांच्या जठरात आम्ल सतत पाझरतं, लाळ मात्र चावतानाच सुटते. दाणा भरपूर आणि गवत कमी असलं की जठर तासन्‌तास कोरडं जळतं. म्हणून गवत आधी: ४५० किलो व्हायला हव्या असलेल्या घोड्याला दिवसाला ९ किलो वाळलेलं गवत, चार-पाच वेळा विभागून. लसूणघास कॅल्शियमसाठी आणि आम्ल शमवण्यासाठी चांगला, पण हिरव्या पेंढीत बहुतेक पाणीच असतं. ५ किलो हिरवा म्हणजे जेमतेम १ किलो सुका. जई दर दोन-तीन दिवसांनी पाव किलोने वाढवायची, एका वेळी दीड किलोच्या वर नाही. तेल ५० मिलीपासून सुरू करून दोन आठवड्यांत २५० पर्यंत. आणि गव्हाचा कोंडा! त्यात फॉस्फरस कॅल्शियमच्या कितीतरी पट असतो, रोज घमेलंभर दिला की हाडांतलं कॅल्शियम ओढलं जातं. तरी तबेल्यातबेल्यांत तोच चालतो.

उघडी पाठ घोड्याला मऊ वाटत असेल, हा समज तुम्ही पहिल्याच दिवशी मोडलात. खोगिराच्या आतला सांगाडा स्वाराचा भार कण्याच्या दोन्ही बाजूंना पसरवतो आणि कणा मोकळा ठेवतो. खोगीर काढलं की तोच भार बसणाऱ्याच्या बैठकीच्या दोन हाडांखाली, कण्याला चिकटून पडतो. पाठीवर मांस नसेल तर थेट हाडाला हाड. त्यामुळे आडवा ठेवलेल्या तळव्याला कणा टोचायचा थांबेपर्यंत कुणी बसायचं नाही.

तोवर काम जमिनीवरून. सकाळ-संध्याकाळ १५-२० मिनिटं मऊ जमिनीवर हातात धरून चालवणं, सरळ रेषेत चार-पाच पावलं मागे घेणं, मग ८०-९० सेंटिमीटर अंतरावर ठेवलेल्या सहा बांबूंवरून चाल. बांबू घरंगळतो आणि खूर पडला तर पाय मुरगळतो, म्हणून टोकांना वाळूच्या पिशव्या. चालून झाल्यावर गाजर दाखवून मान छातीकडे आणि दोन्ही कुशींकडे तीन-तीनदा वळवायची. लंजच्या दोरीवर, म्हणजे मध्ये उभं राहून लांब दोरीने, छोट्या गोलात पळवणं तुम्ही बंदच करायला लावलंत. रेसमध्ये शिणलेल्या सांध्यांना आणि पायाच्या कंडरांना (टेंडनना) ते झेपत नाही.

सर्वांत मोलाचं सांगितलंत ते इशाऱ्यांचं. रेसच्या घोड्याला ताणलेला लगाम म्हणजे थांबण्याची खूण नव्हे. त्यावर रेलून तो वेग धरतो. पोटाला लागलेल्या पायाची त्याला सवय नसते, तो दचकून सुटतो. उघड्या पाठीवरचा घाबरलेला स्वार नेमकं हेच दोन्ही करतो: पाय आवळतो, लगाम खेचतो. घोडा उधळला असं लोक म्हणतात. तो बिचारा हुकूम पाळत असतो! तुमचा उपाय असा: थांबणं आधी जमिनीवरून आवाजाने शिकवायचं, लगाम सैल, पाय लोंबते. रेसकोर्सवर स्वाराला चालत्या घोड्यावर उचलून बसवतात, त्यामुळे चढायच्या ओट्याशेजारी स्थिर उभं राहणंही वेगळं शिकवावं लागतं. जमिनीवरून उडी मारून किंवा आयाळ धरून चढायचं नाही, सगळा हिसका त्या उंचवट्यावर येतो.

बसणारा ६० किलोच्या आत, घोंगडीच्या चौघडीवर, उंचवट्याच्या लगेच मागे, कंबरेवर नाही. खोगिराऐवजी बांधायच्या मऊ पॅडला रिकिबी लटकवायच्या नाहीत, आत सांगाडा नसल्याने सगळा जोर पट्ट्याखालच्या एकाच जागी येतो. सुरुवातीला एक दिवसाआड, चालवून झाल्यावर शेवटची पाच मिनिटं, फक्त चाल. दुडकी नाही. उतरल्यावर कण्याच्या दोन्ही बाजूंनी बोटं दाबत न्यायची. पाठ खचली, कातडी थरथरली किंवा कान मागे गेले तर तीन-चार दिवस सुट्टी. पावसाळ्यात ओली घोंगडी चालणार नाही, खाली खपल्या धरतात.

मानेच्या बुडाचा आकार वाकत्या तारेने दर पंधरवड्याला कागदावर उतरवतोय. सलग तीन रेषा सारख्या आल्या की खोगीर मापायला तुम्हाला निरोप धाडू. या मात्र नक्की.

आपली,
तबेल्यातली मंडळी