शिष्यवृत्तीची तयारी निकालाआधीच व्हावी

मा. संपादक,
स. न.

महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवरील शिष्यवृत्ती अर्जांना पुन्हा मुदतवाढ मिळाल्याची बातमी वाचली. बहुतेक वर्षी ती येतेच आणि पालकांना हायसे वाटते. तालुक्याच्या एका महाविद्यालयात शिष्यवृत्तीचे टेबल सांभाळून निवृत्त झालेल्या माझ्यासारख्याला मात्र त्यात आनंद मानण्यासारखे काही दिसत नाही. मुदत वाढली की कॉलेजातली छाननी रेंगाळते, मग खात्याची मंजुरी रेंगाळते, आणि पैसे हाती पडेपर्यंत पुढचे वर्ष उजाडते. तोवर खोलीभाडे आणि मेसचे पैसे बापाने कुणाकडून तरी उसने घेऊन भरलेले असतात.

खरी अडचण कागदांची आहे. बारावीचा निकाल मे महिन्यात लागतो आणि उत्पन्नाच्या दाखल्यासाठी धावपळ सुरू होते ती जूनमध्ये. फेब्रुवारीत काढून ठेवलेला दाखला 31 मार्चला संपलेला असतो, हे तेव्हा कळते. मग तलाठ्याकडे चकरा, सेतू केंद्रात रांग, त्यात सर्व्हर बंद. नॉन-क्रिमीलेअर दाखल्याचे तेच. जात पडताळणीचे तर विचारूच नका. तो अर्ज अकरावीतच टाकायला हवा. हे सगळे मूल ज्युनिअर कॉलेजात असतानाच कुणीतरी सांगायला नको का?

घोळ सर्वांत जास्त होतो तो बँक खात्यात. शिष्यवृत्ती आधारमार्फत जमा होते, म्हणजे शेवटी ज्या खात्याला आधार जोडले असेल तिथे. अर्ज भरताना मुलगा आपले नवे खाते डोळ्यांसमोर ठेवतो आणि पैसे मात्र जिल्हा परिषदेच्या शाळेत असताना गणवेशाच्या अनुदानासाठी काढलेल्या शून्य शिलकीच्या खात्यात जाऊन पडतात. ते पासबुक कुठे असते, आईला आठवत नाही. कधी ते खाते बंद झालेले असते आणि पैसे परत जातात. मुलगा टेबलापाशी येऊन सांगतो, ‘सर, बँकवाले म्हणतात आधार लिंक आहे.’ लिंक असतेच, पण कोणत्या खात्याला? आधारच्या संकेतस्थळावर ‘बँक सीडिंग स्टेटस’, म्हणजे आधार कोणत्या बँकेला जोडले आहे ते, दोन मिनिटांत दिसते. ते पाहिल्याशिवाय अर्जाला हात लावू नये, असे मी प्रत्येकाला बजावत असे.

दुसरा घोळ सायबर कॅफेचा. दुकानदार घाईत स्वतःचाच मोबाईल नंबर टाकतो. युजर आयडी आणि पासवर्ड राहतो त्याच्या वहीत. त्रुटी काढून अर्ज परत आल्याचा निरोप जातो दुकानदाराच्या मोबाईलवर, आणि विद्यार्थी ‘फॉर्म भरलाय’ म्हणून निर्धास्त. दुसऱ्या वर्षी नूतनीकरण करायचे तर दुकानच दुसरीकडे हललेले! (नूतनीकरण दर वर्षी करावे लागते, पहिल्या वर्षी मिळालेली शिष्यवृत्ती पुढे आपोआप चालू राहत नाही, हेही अनेकांना ठाऊक नसते.)

काही संधी निव्वळ गैरसमजातून जातात. केंद्र सरकारची गुणवत्ता शिष्यवृत्ती पदवीच्या पहिल्या तीन वर्षांसाठी दर वर्षी 12 हजार रुपये देते. कौटुंबिक उत्पन्नाची मर्यादा साडेचार लाख. अट 80 पर्सेंटाइलची आहे. मुले ती 80 टक्के समजतात आणि 74 टक्क्यांवाला अर्जच करत नाही. आपल्या शाखेतल्या वरच्या वीस टक्क्यांत तो बसत असेलही. पदवी किंवा पदविकेच्या तांत्रिक शिक्षणाला जाणाऱ्या मुलींसाठी प्रगती योजना वर्षाला 50 हजार देते, उत्पन्न आठ लाखांपर्यंत असले तरी. या दोन्हींचे अर्ज केंद्राच्या राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर करायचे असतात. महाडीबीटीवर शोधून सापडत नाही म्हणून योजना बंद झाली, असा समज करून घेतलेले पालक मी पाहिले आहेत.

जुलै 2024 च्या शासन निर्णयाने आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण व परीक्षा शुल्काची शंभर टक्के सवलत मिळाली. निर्णय चांगलाच आहे. पण ती मिळते केंद्रीय प्रवेश फेरीतून आलेल्यांना. हव्या त्या शाखेच्या ओढीने व्यवस्थापन कोट्यातली जागा घेतली किंवा अभिमत विद्यापीठात नाव घातले, की सवलत गेली. हे प्रवेशाची पावती फाडण्याआधी समजले तर उपयोग. नंतर कळून घरात भांडणे तेवढी होतात.

सरकारच्या बाहेरही वाटा आहेत. पुण्याची विद्यार्थी सहायक समिती 1955 पासून खेड्यांतल्या मुलामुलींच्या राहण्या-जेवण्याची सोय अल्प खर्चात करते. लीला पूनावाला फाउंडेशन गुणी, गरजू मुलींना शिष्यवृत्ती देते. शिवाय गावोगावचे ट्रस्ट, ज्ञातिसंस्था, माजी विद्यार्थी संघ. यांची माहिती ज्याच्या ओळखीत कुणी आहे त्यालाच मिळते, हे मला फार खटकते.

माझी सूचना साधी आहे. बारावीची परीक्षा संपल्यापासून निकाल लागेपर्यंतचे दोन महिने मोकळे असतात. त्या काळात, एप्रिल लागल्यावर, प्रत्येक कनिष्ठ महाविद्यालयाने एक दिवस ठेवावा. महसूल विभागाचा माणूस, बँकेचा माणूस आणि शेजारच्या वरिष्ठ महाविद्यालयातला शिष्यवृत्तीचा लिपिक, तिघे एका खोलीत बसवावेत. मुलाने आधार, रेशनकार्ड आणि पासबुक घेऊन यावे, आणि जाताना खात्याची खातरजमा करून, दाखल्याच्या अर्जाची पोच घेऊन जावे. वेगळ्या निधीची गरज नाही, एका परिपत्रकाची आहे.

आपल्या दैनिकानेही एप्रिलअखेरीस जिल्ह्यापुरती एक चौकट छापावी: कोणते कागद, कोणत्या कार्यालयातून, किती दिवस आधी, आणि स्थानिक ट्रस्टचे अर्ज कधी निघतात. मजकूर जुळवायला माझ्यासारखे निवृत्त लिपिक विनामोबदला बसतील. मुदतवाढीच्या बातमीला मग आतल्या पानावरची दोन ओळींची जागा पुरेल.

आपला,
एक निवृत्त महाविद्यालयीन लिपिक, सोलापूर जिल्हा
(नाव व पत्ता संपादकांकडे दिला आहे.)